तपासले, खरे आहे

श्रीपाद केतकरांना खोट्या पाटीची किळस यायची. ताटात केस निघाला की पोटातून ढवळून येतं ना, अगदी तशी. आता कुणाला पालीची किळस असते, कुणाला झुरळाची, ती त्याच्यापुरती राहते. पण केतकर बसत होते नगरपालिकेच्या कचेरीत, जाहिरात परवान्यांच्या टेबलावर. आणि पिंपरी-चिंचवडात त्या काळी, म्हणजे चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साली, जेवढे नवे कारखाने उभे राहत होते त्याच्या दसपट पाट्या उभ्या राहत होत्या. दमा मुळापासून उपटणारे वैद्य, पंधरा दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणारे मास्तर, आयुष्यभर न फुटणाऱ्या बादल्या. या सगळ्यांशी केतकर लाल पेन्सिलीने एकटे लढत. मजकुरात खोटं दिसलं की काट मारायची आणि अर्ज परत. अर्जदाराने मागवलेल्या चहालासुद्धा ते हात लावत नसत. फुकटचा चहा पहिल्या घोटाला गोड लागतो आणि दुसऱ्या घोटाला सही मागतो, असं ते घरी पद्मजाबाईंना सांगत. पद्मजाबाई शाळेत शिकवायच्या आणि नवऱ्याची ही वाक्यं रोज ऐकायच्या. त्या नुसतं 'हं' म्हणत.

मात्र सगळ्यांत जास्त किळस होती ती लॉटरीच्या पाट्यांची. मटका बिचारा निदान लाजायचा. पोलीस दिसला की आकडा लिहिणारा चिठ्ठी तोंडात टाकायचा. लॉटरी पडली सरकारी, त्यामुळे ती उजळ माथ्याने कारखान्याच्या फाटकासमोर खुर्ची टाकून बसलेली. साडेतीनचा भोंगा झाला, पहिली शिफ्ट सुटली की सात तारखेला, पगाराच्या दिवशी, त्या टपऱ्यांपुढे जी झुंबड उडे, ती बघून केतकर सायकल पलीकडच्या अंगाने नेत. आठ तास यंत्रापुढे उभी राहिलेली शहाणीसुरती माणसं डोळे मिटून, ओठ हलवत, गठ्ठ्यातून तिकीट ओढायची. सोडतीच्या दुसऱ्या दिवशी तिथेच सगळीकडे फाडलेल्या तिकिटांचा चिखल आणि त्यावर पानाच्या पिचकाऱ्या. आणि वर पाटी, 'आज कामगार, उद्या मालक!' केतकरांना वाटायचं, ही पाटी लिहिणाऱ्याला तो चिखल जिभेने साफ करायला लावावा.

तिकीट सरकारी असलं तरी पाटी दुकानदाराची, आणि पाटी केतकरांच्या हद्दीत. पिंपरीच्या चौकापासून आकुर्डीपर्यंत सहा टपऱ्या होत्या आणि सहाही टपऱ्यांवर एकाच सोडतीचं एकच बक्षीस 'याच खिडकीवर' लागलेलं. केतकरांनी सहाही पाट्या वहीत उतरवून घेतल्या, रविवारचा दिवस खर्चून एक नियम लिहिला आणि सोमवारी मोठ्या साहेबांपुढे ठेवला. जो दुकानदार पाटीवर विजेता लिहील, त्याने विजेत्याचं नाव, गाव, तिकिटाचा क्रमांक आणि लेखी संमती द्यावी. परवाना कारकुनाने घरी जाऊन पडताळणी करावी. खरं निघालं तर पाटीच्या कोपऱ्यात 'तपासले, खरे आहे' असं लिहून खाली कारकुनाचं नाव आणि परवाना क्रमांक टाकावा. खोटं निघालं तर पाटी जप्त.

"उत्तम," मोठे साहेब म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

आठ दिवसांत पाच टपऱ्यांच्या पाट्या उतरल्या. केतकरांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कचेरीत पेढे आणले. कचेरीचा शिपाई चिमाजी याने ते वाटले. चिमाजी मूळचा इथलाच. त्याची जमीन कारखान्यांच्या जागेत गेली होती आणि उरलेल्या दोन गुंठ्यांवर, आकुर्डीच्या रस्त्याला, तो घर बांधत होता. दगडी जोतं नुकतंच पुरं झालं होतं. भिंतींचे पैसे, जमिनीच्या मोबदल्यातले, पोस्टात ठेवलेले होते. चिमाजी पेढा वाटताना प्रत्येकाला सांगत होता, "आमच्या सायबांनी पाच खोटारडं एका दमात गार केलं." केतकरांवर त्याची देवासारखी श्रद्धा. चहा न पिणारा साहेब त्याने जन्मात दुसरा पाहिला नव्हता.

सहावी टपरी नंदकिशोरची. तो स्वतः अर्ज घेऊन आला. गोरा, गुळगुळीत माणूस, बोटात दोन अंगठ्या.

"केतकरसाहेब, तुम्ही नियम केलात ते फार बरं झालं," तो म्हणाला. "माझा विजेता खराखुरा आहे. मारुंजीचे सोपानराव. पंचवीस हजार. जाऊन बघा."

केतकर रजा टाकून सायकलने मारुंजीला गेले. रस्ता असा की अर्धी वाट सायकलच केतकरांवर बसली होती. सोपानराव पिंपरीच्या एका कारखान्यात खलाशी, म्हणजे ओझी उचलणारे कामगार, होते. गोठ्यापुढे बसून त्यांनी सगळे कागद दाखवले. तिकिटाचा क्रमांक जुळला, बँकेचा कागद जुळला, संमतीवर सही झाली.

"तिकीट कसं काय घेतलंत?" केतकरांनी सहज विचारलं.

"घेतलं कुटं? बिडीकाडी घेतली, तर त्याच्याकडं सुट्टं न्हवतं. रुपाया ठिवून घेतला आन् तिकीट दिलं हातात. मी भांडलो की वो त्याच्याशी!"

"आणि नंतर?"

"नंतर कवा न्हाई घेतलं. हेच अजून पचंना. पावनं तर पावनं, पावन्यांचं पावनं येऊन बसत्यात. धाकट्यानं बोलनं टाकलंय."

केतकरांनी ऐकून घेतलं. पण छापील नमुन्यात विचारलं होतं एवढंच, की बक्षीस लागलं हे खरं की खोटं? सुट्टे पैसे नव्हते, भाऊ बोलत नाही, हे लिहायला त्यात रकाना नव्हता. आणि नमुना तयार केला होता खुद्द केतकरांनी. त्यांनी लिहिलं, 'खरे', आणि घरी परत आले. माणूस प्रामाणिक असला म्हणजे शहाणा असतोच असं नाही.

पुढच्या सोमवारी नंदकिशोरची नवी पाटी लागली. सोपानरावांचं चित्र उजवीकडे एवढंसं. मधोमध, लाल अक्षरांत, पिवळी सावली देऊन, हातभर उंचीचं: 'तपासले, खरे आहे'. आणि त्याखाली तेवढ्याच अक्षरांत: 'श्री. वि. केतकर'.

केतकर सायकलवरून पडायचेच बाकी होते.

"कोपऱ्यात लिहायचं होतं!" ते टपरीवर जाऊन ओरडले.

"नियमात अक्षराचं माप नाही, साहेब," नंदकिशोर हात जोडून म्हणाला. "आणि पाटीचा कोपरा कुठून मोजायचा, तेही नाही. चहा घेणार? नाही, तुम्ही घेत नाही. सगळ्या चिंचवडला ठाऊक आहे."

तेच तर झालं होतं. सगळ्या चिंचवडला ठाऊक होतं. पूर्वी सहा टपऱ्या खोटं बोलत, आणि सहाही खोटारड्या आहेत हे कामगारांना मनातून माहीत असे. आता पाच गप्प झाल्या आणि सहावीवर चहा न पिणाऱ्या माणसाची सही आली. जे कधी लॉटरीच्या वाटेला गेले नाहीत, देवभोळे, पापभीरू, निर्व्यसनी, ते आता रांगेत उभे राहू लागले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आणि या आयत्या बिळात नंदकिशोर नागोबासारखा वेटोळं घालून बसला. वर्षभरात त्याने टपरीचं दुकान केलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ केतकरांनी गिळलं असतं. पण त्या दुकानातून पुन्हा दोघांना लहानसहान बक्षिसं लागली. एवढी तिकिटं खपल्यावर लागणारच. नियमाप्रमाणे केतकरांनी दोन्ही घरी जाऊन पडताळणी केली. झालं! लोकांनी हिशेब उलटा मांडला. केतकर ज्याच्या घरी जातात त्याला लॉटरी लागते. केतकरांच्या हाताला गुण आहे.

आपल्याकडे हातगुण ही मोठी चीज. अमक्याच्या हाताने पेरलं की उगवतं, तमक्याच्या हाताने लोणचं घातलं की नासत नाही. ते ठीक आहे, लोणच्याला पुरावा असतो. पण आता परवान्याच्या खिडकीत अर्जाखाली दडवून तिकिटं येऊ लागली. "साहेब, नुसता हात लावा." रस्त्यात अनोळखी माणूस सायकल अडवून हस्तांदोलन करी आणि तळहात चिकटून राही. कुणाच्या हाताला तंबाखू, कुणाच्या हाताला मशीनचं तेल. घरी येऊन केतकर मोरीत हात घासत बसत. पद्मजाबाईंना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईने वाणात तिकीटच दिलं आणि कानात म्हणाली, "साहेबांच्या उशीखाली एक रात्र ठेवा, उद्या घेऊन जाईन."

"मग काय केलंस?" केतकरांनी विचारलं.

"तिच्याच ओटीत परत घातलं. ओटी म्हटल्यावर नाही म्हणता येईना तिला," पद्मजाबाई म्हणाल्या. "अहो, पण तुम्ही ती सही एकदाची काढून टाका बघू."

ते मोठ्या साहेबांकडे गेले. परवाना रद्द करा म्हणाले.

"खोटं काय आहे त्या पाटीत?" साहेबांनी विचारलं. "एक अक्षर दाखवा."

"अक्षर खरं आहे, साहेब. पाटी खोटी आहे. तीन जणांना लागलं ते लिहिलंय. ज्या हजारोंना नाही लागलं ते कुठे लिहिलंय? नियमात भर घाला. जो विजेता लिहील त्याने तेवढ्याच अक्षरांत, किती तिकिटं फुकट गेली तेही लिहावं."

साहेब मनापासून हसले. "अहो केतकर, मग मिठाईवाल्याने किती जणांचं पोट बिघडलं ते लिहायचं? लॉटरीच्या पैशातून सरकार लोकांची कामं करतं. आणि नियम तुमचाच आहे. कशाला विकतचं श्राद्ध?"

केतकर उठून आले. चिडले, खंगले, आंबट झाले. कुणी नमस्कार केला तरी हात मागे बांधून घेत. लोक म्हणत, बघा, केवढी सिद्धी आहे, म्हणून तर लपवतात. अशी तीन वर्षं गेली.

या तीन वर्षांत एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर होती आणि केतकरांनी ती पाहिली नाही. आकुर्डीच्या रस्त्यावरचं चिमाजीचं जोतं. ते जोतंच राहिलं होतं. दगडांच्या फटींतून तरोटा उगवला, वाळला, पुन्हा उगवला. चिमाजी आणि त्याची बायको सुभद्राबाई मागच्या बाजूला पत्र्याच्या खोपटात राहत. केतकरांना वाटे, आळशी आहे लेकाचा. एक-दोनदा ते बोललेही. "चिमाजी, भिंती कधी?" चिमाजी खाली बघून म्हणायचा, "व्हतील, सायेब. तुमच्या किरपेनं."

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीआधी चिमाजी तापाने आजारी पडला. रविवारी केतकर मोसंबी घेऊन खोपटात गेले. चिमाजी गोधडीत गुंडाळलेला, डोळा लागला होता. सुभद्राबाईंनी केतकरांना बसायला पत्र्याची पेटी पुढे केली. कडी सैल होती. केतकर बसले, पेटी कलली, ते दचकून उठले आणि झाकण उघडलं.

आत तिकिटं होती. गठ्ठेच्या गठ्ठे, वेगवेगळ्या सोडतींचे, सुतळीने बांधलेले, घड्या न पाडता नीट रचलेले. पेटी तोंडापर्यंत भरलेली.

"हे काय?" केतकर म्हणाले, पण त्यांना कळलं होतं.

"भिंती हाइत," सुभद्राबाई म्हणाल्या.

त्यांनी झाकण लावून केतकरांना पुन्हा बसवलं. मग त्या शांतपणे सांगू लागल्या. "पोस्टातलं समदं ह्यात गेलं. पयल्यांदा दहा रुपयं लागलं, तेचीबी तिकिटं आणली. मी म्हनलं, अवो, नगं, असं कुनाचं भलं झालंय का? तर हे म्हनले, खुळी का काय तू? सायबांची सही हाय. सायेब च्याबी पीत न्हाईत, ते खोट्यावर सही करत्याल व्हय?" त्यांनी पदराने पेटीवरची धूळ पुसली. "सायेब, तिकिटावर न्हाई पैसं लावलं आमी. तुमच्या सहीवर लावलं."

"मग फेकली का नाहीत ही?"

"तुमचं नाव असल्याल्या दुकानातली हाइत. पायदळी कशी टाकायची, म्हनत्यात."

तीन वर्षं ते नंदकिशोरची किळस करत होते, साहेबांची करत होते, रांगेतल्या माणसांची करत होते. सगळ्यांची करून झाली होती. उरले होते एकटे तेच, आणि ते या पेटीवर मांडी ठोकून बसले होते.

ते उठले, पेटी उचलली आणि बाहेर जोत्यावर आणून ठेवली. सुभद्राबाईंना समोर बसवलं आणि दोघांनी भर दुपारी, तरोट्यात बसून, एकेक तिकीट मोजलं. तीन हजार सातशे सोळा.

दुसऱ्या आठवड्यात चिमाजी कामावर आला. केतकरांनी त्याला समोर बसवलं आणि अर्ज भरला. अर्जदार चिमाजी, जागा त्याचीच, मजकूर केतकरांचा. नियमाप्रमाणे नाव, गाव, आकडा आणि लेखी संमती हवी. केतकरांना वाटलं होतं, हा लाजेल, रडेल, नाही म्हणेल. त्यांनी त्याला मजकूर दोनदा वाचून दाखवला.

"लोक हसतील, चिमाजी. तुला बोलतील. पण दुसऱ्या कुणाच्या भिंती तरी राहतील. देशील संमती?"

"खाली तुमची सही राहील न्हवं?" चिमाजीने विचारलं.

"राहील. हातभर अक्षरांत."

"मग दिली."

फी केतकरांनी स्वतः भरली. मोठ्या साहेबांनी न वाचता सही केली, कारण केतकरांनी तपासलेला कागद कुणीच वाचत नसे. पेंटरही तोच धरला, ज्याने नंदकिशोरची पाटी केली होती. तसाच लाल रंग, तशीच पिवळी सावली. बुधवारी संध्याकाळी, दुसरी शिफ्ट चालू असताना, पाटी जोत्यावर उभी राहिली.

'या जागेवर चिमाजीचे घर होणार होते. तिकिटे काढली ३७१६. घर झाले नाही. तपासले, खरे आहे. श्री. वि. केतकर.'

गुरुवार म्हणजे कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्याचा सुट्टीचा दिवस. केतकर मुद्दाम कचेरीतून तासाभराची रजा काढून रस्त्यापलीकडे पिंपळाखाली उभे राहिले. लोक येत होते, सायकली थांबवत होते, वाचत होते. कुणी हसत नव्हतं. एकाने वाचून मान खाली घातली. दुसऱ्याने खिशातून कागद काढून काहीतरी टिपून घेतलं. तीन-चार बायका बराच वेळ गंभीरपणे उभ्या राहिल्या आणि जाताना त्यांनी पाटीला हात लावून नमस्कार केला. केतकरांचे डोळे भरून आले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना जेवण गोड लागलं आणि रात्री झोप लागली.

शुक्रवारी सकाळी ते नंदकिशोरच्या दुकानावरून गेले, मुद्दाम, रस्त्याच्या त्याच अंगाने. दुकानापुढे रांग होती. दसऱ्या-दिवाळीला असते त्याहून मोठी, पार पुढच्या वळणापर्यंत. खिडकीवर खडूने लिहिलेली एक फळी टांगली होती. 'शेवटी ७१६ असलेली सर्व तिकिटे संपली. सोमवारी नवीन येतील. कृपया आग्रह करू नये.'

नंदकिशोरने आतूनच हात जोडले. "केतकरसाहेब, आकडा द्यायचाच होता तर आधी एक शब्द टाकायचा. जास्त माल मागवला असता."

केतकर कचेरीत कसे पोचले ते त्यांना कळलं नाही. खुर्चीत बसले. टेबलावर अर्जांची चळत होती, लाल पेन्सिल होती, सगळं जागच्या जागी. चिमाजी आत आला. तापातून उठल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर तजेला दिसत होता. त्याने इकडेतिकडे बघून टोपी काढली, टोपीच्या घडीतून एक तिकीट काढलं आणि दोन्ही हातांनी केतकरांपुढे ठेवलं. शेवटचे आकडे सात, एक, सहा.

"कारभारीण झोपली व्हती तवाच गेलो. धा जनांच्या पुढं नंबर लावला," तो हळूच म्हणाला. "समद्यांनी घेतलं, सायेब. पर आकडा आपल्या घराचा हाय. आपल्याला न्हाई तर कुनाला लागंल? फकस्त हात लावा."

केतकरांनी त्या तिकिटाकडे पाहिलं आणि मग टेबलावर पालथ्या पडलेल्या स्वतःच्या उजव्या हाताकडे. त्यांना त्या हाताची इतकी किळस आली की ते खुर्ची मागे ढकलून उठले, कोपऱ्यातल्या नळाशी गेले आणि साबण लावून हात चोळू लागले. एकदा धुतला, दोनदा धुतला. तिसऱ्यांदा साबण लावला.

चिमाजी मागे येऊन उभा राहिला होता. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने पुढे धरला.

"बेतानं, सायेब," तो म्हणाला. "कोरडा करा आदी. वल्या हातानं तिकीट भिजंल."